टिपणीसांची स्थगिती

नौपाड्यातल्या चंद्रप्रभा सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणारे गुरुदत्त टिपणीस चौतीस वर्षं कोर्टात कारकुनी करून निवृत्त झाले. या चौतीस वर्षांत त्यांनी काय केलं ते दोन शब्दांत सांगायचं, तर तारखा दिल्या. न्याय देणारे वर बसायचे आणि टिपणीस खाली, टेबलाशी. पण पक्षकारांना विचाराल, तर त्यांचा सगळा जीव त्या खालच्या टेबलात अडकलेला असायचा. एखादा अगदी काकुळतीला आला, की टिपणीस चष्मा कपाळावर सरकवायचे, डायरीची पानं मागेपुढे करायचे आणि अडीच महिन्यांनंतरचा एक मंगळवार शांतपणे त्याच्या पदरात टाकायचे. यात दुष्टपणा काडीचा नव्हता बरं का! माणूस सज्जन, कुणाच्या कपभर चहाचाही मिंधा नाही. फक्त एखादी गोष्ट आजच्या आज होऊ शकते, यावर त्यांचा मुळात विश्वासच नव्हता.

निवृत्तीनंतर वडिलांचा वेळ जावा म्हणून डोंबिवलीला दिलेल्या लेकीने, रुचिताने, त्यांना एक कॉम्प्युटर घेऊन दिला. सोसायटीतले लोक टपूनच बसले होते. कायद्याची भाषा येते, घरात कॉम्प्युटर आहे आणि दिवसभर काम नाही, असा माणूस सेक्रेटरी व्हायला आणखी काय लागतं? तेव्हापासून चंद्रप्रभाच्या बारा घरांना पाण्याची टाकी धुण्यापासून कबुतरांना दाणे टाकण्यापर्यंत सगळ्या विषयांवर छापील नोटिसा मिळू लागल्या.

आणि मग एका दुपारी तो प्रसंग घडला. टिपणीस सभेचं इतिवृत्त टाइप करत होते. चहा घ्यायला उठले, परत येऊन बघतात तर पडद्यावर निळा उजेड, एक गोल फिरतोय आणि खाली लिहिलंय, अपडेट सुरू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. तासाभराने मशीन जागं झालं ते प्रिंटरची ओळख विसरून. तीन दिवस एक कागद बाहेर येईना. शेवटी जावई मितेश डोंबिवलीहून आला आणि त्याने दहा मिनिटांत ते जुळवून दिलं.

पण टिपणीसांचा राग प्रिंटरवर नव्हताच. "मला विचारलं?" ते जावयाला म्हणाले. "नोटीस नाही, समन्स नाही, म्हणणं मांडायची संधी नाही. थेट एकतर्फी हुकूम! माझ्या घरात, माझ्या टेबलावर!"

"बाबा, सगळ्यांचंच होतं हो असं ऑटोमॅटिक," मितेश म्हणाला.

"सगळ्यांचं होत असेल. माझं होणार नाही."

झालं. त्या दिवसापासून टिपणीस विरुद्ध अपडेट असा दावा उभा राहिला. फोनवर व्हिडिओ बघून बघून त्यांनी सेटिंगचा कानाकोपरा धुंडाळला. कामाच्या वेळात मशीनने आपणहून बंद-चालू होऊ नये म्हणून तिथे 'वापराचे तास' भरता येतात, ते त्यांनी साडेदहा ते साडेपाच भरायला घेतले. अर्धा तास भरता येत नाही म्हटल्यावर दहा ते सहा केले आणि मशीनला शिस्त नाही असा शेरा मारला. मग त्यांना ते बटण सापडलं. अपडेट एक आठवडा थांबवा! टिपणीसांच्या चेहऱ्यावर असं तेज वैशालीताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. "स्थगिती," ते म्हणाले. "स्थगिती मिळते यात!"

लांबट वही आली. तिच्यावर 'रोजनामा' असं लिहिलं गेलं. दर आठवड्याला नोंद व्हायची: अपडेट हजर. मुदत मंजूर. पुढील तारीख अमुक. मितेशने एकदा सुचवलं, की एवढा त्रास कशाला, नेटची वायर काढून ठेवा, अपडेट येणारच नाही. टिपणीसांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बिचारा चहात बिस्किट विसरला.

"म्हणजे समोरच्याला आवारातच येऊ द्यायचं नाही? तो अन्याय झाला, मितेशराव. त्याने यावं, हजेरी लावावी, दिवसभर बसावं आणि मग त्याला तारीख मिळावी. याला पद्धत म्हणतात."

पण मशीनही खमकं निघालं. पाच आठवडे भरत आले तेव्हा त्याने साफ सांगितलं, की यापुढे थांबवता येणार नाही, आधी साचलेले अपडेट घ्या, मग पुढचं बोला. टिपणीसांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच आठवड्यांत निकाल? त्यांच्या उभ्या नोकरीत पाच आठवड्यांत पंख्याची दुरुस्तीसुद्धा झाली नव्हती! दोन दिवस त्यांनी सगळे व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून बघितले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कॉम्प्युटरचं घड्याळ आपोआप जुळणं बंद केलं आणि स्वतःच्या हाताने ते बरोबर एक वर्ष मागे नेलं. ही गोष्ट २०२५ च्या जानेवारीतली. मशीनच्या लेखी २०२४ चा जानेवारी उजाडला आणि जी स्थगिती चार दिवसांत संपायची होती, ती सबंध एक वर्ष लांबली. कुणालाही कळलं नाही. टिपणीसांनी रोजनाम्यात लाल शाईने नोंद केली आणि त्या दिवशी स्वतः जाऊन बासुंदी आणली.

किरकोळ गैरसोयी झाल्या. बँकेची साइट उघडेना. तुमचं घड्याळ मागे आहे, म्हणाली. "तिला काय करायचंय?" म्हणत टिपणीस बँकेचं काम फोनवर करू लागले. सोसायटीच्या पत्रांवर तारीख आपोआप छापून यायची, तिथे दिवस आणि महिना खरा, वर्ष तेवढं मागचं यायचं. ते पेनाने दुरुस्त करायचं आणि शेजारी छोटी सही ठोकायची. कोर्टात खाडाखोडीला हीच पद्धत आणि टिपणीसांचा हात त्यात बसलेला. एकूण सगळं आलबेल होतं.

आलबेल नव्हत्या त्या वैशालीताई. चंद्रप्रभाला लिफ्ट नाही आणि वैशालीताईंचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. शस्त्रक्रिया करू, पण आधी साखर आटोक्यात आणा, असं डॉक्टर म्हणत होते आणि साखर काही ऐकत नव्हती. ही बाई एके काळी दिवसातून दोनदा गावदेवीच्या मंडईत जाऊन यायची. एकदा भाजीला आणि एकदा भाजी आणताना भेटलेल्या बायकांशी राहिलेलं बोलायला. आता ती खिडकीशी बसून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडायची आणि भाजीवाला त्यात मेथी टाकायचा. "मला नौपाडा आता नुसता टकलांवरून ओळखता येतो," ती रुचिताला फोनवर सांगायची आणि हसायची. मग फोन ठेवून पुन्हा खिडकीतून खाली बघायची.

तिला लिफ्ट हवी होती, बाकी काही नको होतं. जिन्याच्या बाहेरच्या अंगाला जागा होती, इंजिनिअर बघून गेला होता, अडलं होतं ते सोसायटीच्या ठरावावर. हा विषय टिपणीसांनी चार सभांच्या पत्रिकेत शेवटी घातला आणि चारही सभांत 'वेळेअभावी पुढील सभेत' असं त्याच्यापुढे लिहिलं. घरातलं माणूस आहे म्हणून आपण पक्षपात करतो असं कुणी म्हणू नये, ही त्यांची काळजी! तळमजल्यावरच्या सीताराम वागळ्यांचा विरोध होताच. लिफ्टचा सांगाडा त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येणार होता आणि वागळे म्हणायचे, भर दुपारी दिवा लावून आमटी ढवळायची का आम्ही?

ऑक्टोबर संपता संपता वैशालीताईंनी एकदा वाढता वाढता पळी खाली ठेवली.

"अहो, मी तुमची पक्षकार नाही," त्या म्हणाल्या. "मला आता पुढची सभा नको. लिफ्ट हवी की नको, एवढं एकदाच काय ते विचारा सगळ्यांना. नाही म्हणाले तर नाही. मी गप्प बसेन."

कुठे काय हललं कोण जाणे, पण टिपणीस उठले आणि त्यांनी जन्मात पहिल्यांदा घाई केली. लिफ्टच्या कंपनीचं ताजं कोटेशन हातात होतं. त्यांनी विशेष सभा लावली, विषय एकच. चौदा दिवस आधी नोटीस द्यायला हवी, म्हणून आठ नोव्हेंबरला सकाळी उठल्याउठल्या टाइप करून, छापून, चहा व्हायच्या आत सगळ्यांच्या घरी पोचवूनसुद्धा आले. फाइलसाठी काढलेल्या पहिल्या प्रतीवर त्यांनी पेनाने वर्ष दुरुस्त केलं, शेजारी सही ठोकली. बाकीच्या बारा प्रती मशीनमधून निघाल्या तशाच सरळ दारोदार गेल्या.

तेवीस नोव्हेंबर, रविवार, सकाळी साडेदहा. खाली पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. वैशालीताईंनी पहाटेच सोड्यांची खिचडी करून ठेवली होती, सभा झाली की सगळ्यांनी मिळून खायची म्हणून. घरावर पहिलं नाव त्यांचं होतं, म्हणजे मतही त्यांचंच. "मी स्वतः हात वर करणार," असं त्यांनी आठवडाभर आधी जाहीर केलं होतं. रुचिता त्यासाठी मुद्दाम आली होती. एक हात कठड्यावर, एक लेकीच्या खांद्यावर, प्रत्येक पायरीला दोन्ही पाय एकत्र टेकत वैशालीताई तीन मजले उतरल्या. पंचवीस मिनिटं लागली. खाली पोचल्या तेव्हा नवी कोरी नारायणपेठी पाठीला घामाने चिकटली होती, पण चेहरा असा, की शेजारच्या बायकांनी उठून टाळ्या वाजवल्या.

अध्यक्ष रमाबाई करंदीकर, वय ऐंशी, यांनी सभा सुरू झाल्याचं सांगितलं. टिपणीसांनी विषय वाचला. आणि वागळे उभे राहिले. त्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून घातलेली नोटीस होती.

"सेक्रेटरीसाहेब, या नोटिशीवरची तारीख जरा वाचून दाखवता का?"

टिपणीसांनी घेतली, तारखेपर्यंत आले आणि नकळत खिशातलं पेन चाचपलं.

"मी वाचतो," वागळे म्हणाले. "आठ नोव्हेंबर दोन हजार चोवीस. मागच्या वर्षीची! आणि खाली उल्लेख कसला, तर यंदाच्या ऑक्टोबरातल्या कोटेशनचा. टिपणीस भविष्य बघायला लागलेत का?"

एकच हशा पिकला. "चौदा दिवसांची मागितली होती, तुम्ही वर्षाची दिलीत हो!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळ्यांनी आपापल्या नोटिसा खिशातून काढून बघितल्या. सगळ्यांवर चोवीस. पंधरा दिवसांत वागळ्यांखेरीज एकानेही ते वाचलं नव्हतं, ही गोष्ट टिपणीसांना त्याही अवस्थेत जास्त लागली.

मग त्यांना सांगावं लागलं. अपडेट, एकतर्फी हुकूम, स्थगिती, पाच आठवड्यांची अट आणि मागे नेलेलं घड्याळ. ते जसजसं सांगत गेले, तसतसा त्यांचा आवाज बारीक होत गेला. कोर्टात ऐकताना जे मुद्दे इतके भारदस्त वाटायचे, ते पार्किंगमधल्या स्कूटरींसमोर मांडताना भलतेच दिसायला लागले. लोक हसायचे थांबले होते. एकमेकांकडे बघत होते.

"म्हणजे घरात वर्षभर मागचं वर्ष चाललंय?" वैशालीताईंनी विचारलं. घड्याळ मागे नेल्याचं त्यांना माहीतच नव्हतं.

"घरात नाही गं, फक्त मशीनमध्ये."

"मग सांगा बघू, मी किती दिवसांनी खाली आले आज?"

टिपणीसांनी क्षणाचाही विचार केला नाही. "असतील सहा-सात महिने."

वागळ्यांनी घसा खाकरला. "नाही हो टिपणीस. मागच्या वर्षीच्या नवरात्रात वहिनी आमच्या हिच्याबरोबर टेंभी नाक्याच्या देवीला गेल्या होत्या. येताना या इथे पायरीवर बसल्या, आमच्या घरातून पाणी दिलं. त्यानंतर नाही. तेरा महिने झाले." त्यांनी बायकोकडे पाहिलं, तिने मान डोलावली. "ही रोज म्हणते. वर गेलं की वहिनी चहा करायला उठतात, गुडघ्यांना त्रास नको म्हणून आता ही जातसुद्धा नाही."

विरोधकाला महिना माहीत होता आणि नवऱ्याला नव्हता. टिपणीस हातातल्या फाइलीकडे बघत राहिले. वागळे खाली बसता बसता पुटपुटले, "जाऊ दे. खिडकीचं आम्ही बघू. माझी हरकत मागे घेतो. घ्या ठराव."

टाळ्या पडल्या. रुचिताने आईचा हात दाबला. वैशालीताईंनी तर हात वर करायला सुरुवातही केली होती. आणि टिपणीसांचं तोंड उघडलं. बोलायचं त्यांच्या मनात नव्हतं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. पण चौतीस वर्षांची जीभ ती.

"हरकत मागे घेऊन भागत नाही, वागळे. नोटीसच सदोष, तर सभा बेकायदा. उद्या कुणीही आव्हान देईल. नवी नोटीस काढावी लागेल. आज दिली तर चौदा पूर्ण दिवस, म्हणजे सात तारीख बसत नाही." त्यांनी बोटांवर मोजलं. "चौदा डिसेंबर."

नियमाला धरून अक्षर न् अक्षर बरोबर होतं. पार्किंगमधल्या टाळ्या मात्र जागच्या जागी थांबल्या. वैशालीताईंनी वर चाललेला हात खाली घेऊन मांडीवर ठेवला. रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत.

"रुचू, गाडी बोलाव," त्या म्हणाल्या. "मी तुझ्याकडे येते. मी काही आता वर चढत नाही."

"अगं, पण तुझे कपडे, गोळ्या..." टिपणीस म्हणाले.

"आणून द्या ना. तुम्हाला जिना चढता येतो."

टिपणीस गेले. गोळ्या घेऊन आले, तर चष्मा राहिला. चष्मा आणला, तर चार्जर राहिला. तिसऱ्या खेपेला पिशवीत साड्या कोंबून उतरले, तेव्हा धाप लागून त्यांना दुसऱ्या मजल्यावर बसावं लागलं. ते खाली पोचेपर्यंत वागळ्यांनी वैशालीताईंना खुर्चीसकट फाटकापर्यंत नेलं होतं आणि त्यांची बायको गाडीच्या खिडकीतून डबा आत देत होती. खिचडी वरच राहिली. गाडी वळून गेल्यावरही टिपणीस अजून पिशवी धरल्यासारखे हात पुढे करून उभे होते. रमाबाईंनीच मग त्यांना वर जायला सांगितलं.

वर येऊन त्यांनी खिचडीवरचं झाकण उघडलं आणि परत ठेवलं. भूक नव्हती. मशीन चालू केलं. नोटीस आजच निघायला हवी होती आणि आजची म्हणजे खरी आजची तारीख हवी होती. त्यांनी घड्याळ जुळवलं. तेवढ्यावर मशीनला कळलं, की आपली मुदत कधीच टळून गेली आहे. पडदा निळा झाला आणि गोल फिरू लागला. टिपणीसांनी वही उघडली नाही. खुर्ची सरकवून, हात मांडीवर ठेवून ते पडद्यासमोर बसून राहिले. सात टक्के, बारा टक्के. खिडकीला दोरीची पिशवी तशीच लटकत होती आणि खालून भाजीवाल्याने दोनदा हाक मारली. तीस टक्क्यांवर ते मशीन बराच वेळ अडलं, तेव्हा टिपणीसांना ज्यांचे चेहरे कधी आठवले नव्हते अशी कोर्टातल्या टेबलासमोरची बरीच माणसं आठवली. त्यांना एकदम फार लाज वाटली.

दोन तासांत सगळं झालं. काहीही बिघडलं नाही. फाइली जागच्या जागी होत्या आणि प्रिंटरने पहिल्या फटक्यात कागद बाहेर टाकला. एवढंच होतं ते! ज्याच्यासाठी वर्षाचं घड्याळ उलटं फिरवलं, ते एका दुपारीत उरकलं. टिपणीसांना हसावं की कपाळ बडवावं ते कळेना. त्यांनी बारा प्रती काढल्या, बाराही प्रतींवरचं वर्ष बोट ठेवून वाचलं आणि जिना उतरले. अकरा घरांच्या सह्या झाल्या. बारावा सभासद डोंबिवलीला होता.

संध्याकाळी त्यांनी फोन लावला. वैशालीताईंनी उचलला तेव्हा मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. त्या कुठेतरी मोकळ्यावर होत्या.

"कुठे आहेस?"

"खाली. रुचूच्या बिल्डिंगच्या बागेत. अहो, मी पाच वेळा खाली येऊन गेले!" त्यांना सांगताना दम लागत होता, पण तो हसण्याचा होता. "काम काही नाही हो. नुसतीच आले. बाकावर बसले, परत वर गेले. मग वाटलं, परत जावं. पुन्हा आले. वॉचमन विचारतो, आजी, काही हरवलंय का?"

टिपणीसांना बोलायचं होतं. शब्द जुळेनात. शेवटी त्यांनी जे जुळत होतं ते सांगितलं.

"नोटीस काढली नवी. तारीख बरोबर आहे. तुझी सही लागेल पोच म्हणून. मी उद्या... उद्या सकाळीच घेऊन येतो."

"या की," वैशालीताई म्हणाल्या. "सही देते. जेवायलाच या. पण मला न्यायला म्हणून येऊ नका."

मग त्यांनी फोन तसाच हातात ठेवला असावा. कारण बंद होण्याआधी टिपणीसांना पलीकडे लिफ्ट आल्याची घंटा ऐकू आली.